किती वेळ? गाडीला सेल्फ देणारे चार्ल्स केटरिंग



सकाळी शाळेची व्हॅन चालू होताना आपण रोज एक आवाज ऐकतो. चावी फिरवली की आधी खर्र खर्र होतं आणि मग इंजिन सुरू होतं. तो पहिला आवाज इंजिनाचा नसतो. तो असतो सेल्फचा, म्हणजे स्टार्टर मोटरचा. सेल्फ नीट असेपर्यंत त्याची आठवण कुणाला येत नाही. थंडीच्या दिवसात एकदा तो लागला नाही की मग मागून धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतात.

हा सेल्फ व्यवहारात आणणारे संशोधक म्हणजे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. त्यांचं चरित्र मुलांना जरूर सांगावं. एक साधा प्रश्न विचारल्यामुळे त्यांच्या हातून फार मोठं काम झालं. तोच प्रश्न पुढे दुसऱ्या एका कामात बाजूला राहिला आणि त्याची किंमत जगाने मोजली. दोन्ही गोष्टी सांगितल्या तरच चरित्र पुरं होतं, असं मला वाटतं.

बालपण आणि शिक्षण

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते चौथे. डोळे लहानपणापासून कमजोर होते. जास्त वाचलं की डोकं दुखायचं.

शाळा संपल्यावर ते काही काळ खेड्यातल्या एकखोली शाळेत शिक्षक होते. म्हणजे आपल्यापैकीच एक! सगळ्या वयाची मुलं एका खोलीत आणि शिकवायला एकच गुरुजी, हे चित्र आपल्या वस्तीशाळांमधल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

पुढे ते इंजिनिअरिंग शिकायला ओहायो राज्य विद्यापीठात गेले, पण डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. मग टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत त्यांनी काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. त्या उघड्यावरच्या कामात प्रकृती सुधारली आणि विजेची प्रत्यक्ष ओळखही झाली. ते पुन्हा कॉलेजात आले. सोबतचे विद्यार्थी पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ते ऐकून लक्षात ठेवायचे. १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळाली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. वर्गात एखादं मूल फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं आणि आपण त्याला सहज मठ्ठ ठरवतो. त्या वेळी हे आठवायला हवं.

गल्ल्याच्या पेटीतली छोटी मोटर

पदवीनंतर डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांना नोकरी लागली. दुकानातल्या हिशोबाच्या गल्ल्याची यंत्रं तिथे बनत. ती हाताने दांडा फिरवून चालवावी लागत. त्यांना वीज जोडायचं काम केटरिंग यांच्याकडे आलं.

इथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. गल्ला उघडायला मोटर क्षणभरच चालते आणि मग थांबते. दिवसभर चालणारी मोटर मोठी आणि दणकट लागते, नाहीतर ती तापून जळते. पण क्षणभर चालायचं असेल, तर छोट्या मोटरकडूनही तिच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त काम घेता येतं. ती तापायच्या आत काम संपतं आणि पुढच्या वेळेपर्यंत ती थंड होते.

आपणही हे रोज करतो. गव्हाचं पोतं चार पावलं उचलून नेता येतं, पण तेच डोक्यावर घेऊन गावभर फिरता येणार नाही. म्हणून ओझं किती, एवढंच विचारून भागत नाही. किती वेळ, हेही विचारावं लागतं.

हँडल मारण्याचा धोका

त्या काळी मोटारगाडी चालू करायची तर समोर उभं राहून हँडल मारावं लागे. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि अँबॅसेडर चालवलेल्या आजोबांना विचारा, ते सांगतील. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विरुद्ध बाजूने पकडायचा नाही. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल हातावर येतं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका मोडीला डॉक्टर आजही ड्रायव्हरच्या नावाने, शोफर्स फ्रॅक्चर, असं म्हणतात. हँडल मारायला ताकद लागायची, त्यामुळे अनेक स्त्रिया आणि वयस्कर माणसं पेट्रोलच्या गाडीपासून दूरच राहत.

कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांची एक हकीकत सांगितली जाते. त्यांचे परिचित बायरन कार्टर रस्त्यात बंद पडलेल्या एका बाईंच्या गाडीला हँडल मारायला गेले. हँडल उलटून त्यांच्या जबड्यावर बसलं आणि त्या दुखण्यातून पुढे त्यांचा मृत्यू झाला. आपल्या गाड्यांमुळे माणसं मरता कामा नयेत, हे लेलँड यांनी मनावर घेतलं.

तबेल्यातली प्रयोगशाळा

केटरिंग आणि त्यांचे सहकारी एडवर्ड डीड्स नोकरी सांभाळून रात्री डीड्स यांच्या घरामागच्या तबेल्यात गाड्यांचे प्रयोग करत. कंपनीतले मित्रही हाताखाली यायचे. यातूनच १९०९ मध्ये त्यांची डेल्को ही कंपनी उभी राहिली. गाडीत ठिणगी पाडणारी त्यांची सुधारित यंत्रणा कॅडिलॅकने घेतली होती. आता सेल्फचं कामही त्यांच्याकडे आलं.

जाणकारांचा हिशोब साधा होता. इंजिन फिरवायला जेवढी ताकद लागते तेवढी देणारी मोटर आणि तिची बॅटरी इतकी मोठी होईल की गाडीत माणसांना जागाच उरणार नाही. हिशोब चुकीचा नव्हता. पण मोटर सतत चालणार, असं त्यात धरलं होतं. केटरिंग यांना गल्ल्याची मोटर आठवली. इंजिन काही सेकंदच फिरवायचं आहे. एकदा ते पेटलं की सेल्फचं काम संपलं!

मग त्यांनी छोटी मोटर घेतली आणि दातेरी चाकांच्या मदतीने तिचा वेग कमी करून जोर वाढवला. तो जोर इंजिनाच्या फ्लायव्हीलला दिला. शिवाय इंजिन चालू झाल्यावर तीच मोटर उलट काम करू लागे. इंजिन तिला फिरवी आणि ती वीज तयार करून बॅटरी भरी. फेब्रुवारी १९११ मध्ये सेल्फ बसवलेली कॅडिलॅक चालवून दाखवली गेली आणि १९१२ च्या मॉडेलपासून तो गाडीसोबत येऊ लागला. १९१५ मध्ये केटरिंग यांना त्याचं पेटंट मिळालं. काही वर्षांत हँडल मागे पडलं आणि गाडी चालवायला दंडात बळ असण्याची अट राहिली नाही.

जुन्या गाडीला सेल्फ निवडताना

पालकांपैकी अनेकांकडे जुन्या गाड्या आहेत, म्हणून हे थोडं सांगतो. आजही तत्त्व तेच आहे. सेल्फ काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो. गाडी लागत नाही म्हणून चावी धरून ठेवली तर तो जळतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये थोडा वेळ थांबावं.

सेल्फ बदलण्याआधी बॅटरी, तिच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि इंजिनाची अर्थिंगची वायर तपासून घ्यावी. अनेकदा दोष तिथेच निघतो. चावी फिरवल्यावर नुसतं टक वाजलं तर बॅटरी किंवा सोलेनॉइड बघावा. मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स घसरत असतो. कार्बन ब्रश आणि बुश झिजले असतील तर ते बदलून जुना सेल्फ पुन्हा चालतो. आर्मेचर जळलं असेल तर मात्र दुसरा सेल्फ घेण्याचा विचार करावा.

नवा घेताना फक्त गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनाला वेगळा सेल्फ लागतो, कारण डिझेल इंजिनात हवा जास्त दाबली जाते आणि ते फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणून जुना सेल्फ सोबत न्यावा. बेंडिक्सचे दाते किती, मोटर कोणत्या दिशेने फिरते, बोल्टची भोकं जुळतात का, व्होल्ट आणि किलोवॅट किती, हे सगळं ताडून पाहावं. दाते किंवा त्यांची जागा जुळली नाही तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते खराब होतात आणि ते काम सेल्फपेक्षा खर्चिक असतं. काही नव्या सेल्फमध्ये आतच गिअर असतात. ते वजनाला हलके असतात आणि बॅटरीतून कमी करंट घेतात. आपल्या इंजिनाला बसणारा तसा मिळत असेल तर जुन्या गाडीलाही तो चांगला.

दुसरी बाजू

डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तिथे संशोधन विभागाचे प्रमुख होते. रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर त्यांनी मोठं काम केलं. अपयशही आलं. तांब्याच्या पात्यांनी हवेवर थंड होणारं त्यांचं इंजिन १९२३ मध्ये बाजारात आलं आणि नीट चालेना, तेव्हा कंपनीने त्या गाड्या परत मागवल्या.

पण त्याहून गंभीर गोष्ट पेट्रोलची आहे. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून त्यांच्या विभागातले थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याचा उपाय शोधला. इंजिन सुधारलं. पण शिसं विषारी असतं, हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये ते संयुग बनवताना कामगार दगावले. डॉक्टरांनी इशारे दिले. तरीही विक्री पुढे चालू राहिली आणि हे पेट्रोल विकणाऱ्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते.

सेल्फच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, किती वेळ? शिशाच्या वेळी हाच प्रश्न विचारायला हवा होता. इंजिनातला स्फोट क्षणात संपतो, पण धुरातून बाहेर पडलेलं शिसं मातीत आणि हाडांत वर्षानुवर्षं राहतं. त्याचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो. म्हणजे आपल्या वर्गातल्या मुलांना. भारतात शिसंयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. जगात सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात ती थांबली.

त्याच केटरिंग यांनी १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी केली. तिचं नाव आज जगभर आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचं निधन झालं. डेटनजवळच्या एका शहराला त्यांचं नाव आहे.

वर्गात घेण्यासाठी

आपण थोर व्यक्तींचं भाषण बसवताना फक्त गुण सांगतो. पण मुलांना दोन्ही बाजू कळतात आणि पेलतातही. केटरिंग वाईट होते असं शिकवायचं नाही आणि देवमाणूस होते असंही नाही. चांगला प्रश्न एकदा विचारून पुरत नाही, प्रत्येक कामाच्या वेळी तो नव्याने विचारावा लागतो, एवढं मुलांपर्यंत पोहोचलं तरी पुष्कळ.

एक सोपी कृती करा. जुन्या खेळण्यातली छोटी मोटर सेलला जोडून फिरवून दाखवा. मग सेल काढा, तिथे छोटा एलईडी लावा आणि मोटरच्या दांड्याला दोरा गुंडाळून जोरात ओढा. एलईडी लुकलुकतो. लागला नाही तर त्याची टोकं उलटी जोडा. वीज दिली की फिरणारी मोटर, फिरवली की वीज देते. पहिल्या सेल्फमध्ये हेच होतं.

नंतर मुलांना हे प्रश्न द्या.

१. थोडाच वेळ चालणारी घरातली यंत्रं कोणती? ती सतत चालवली तर काय होईल?

२. आपण टाकलेली प्लास्टिकची पिशवी आपल्या कामाला किती वेळ आली? जमिनीत ती किती वेळ राहील?

३. गावात कुणी हँडल मारून गाडी चालू केली आहे का? त्यांना भेटून अनुभव लिहून आणा.

दुसऱ्या प्रश्नावर वर्ग थोडा वेळ गप्प होतो. होऊ द्या. लगेच उत्तर सांगू नका.