विश्लेषण : शोक करायचा किती आणि कसा? पंडिता रमाबाईंचे आयुष्य काय सांगते?

पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावांपुढेही एक प्रश्न आला. शोक कसा करायचा, हे गावाने ठरवायचे का? या प्रश्नाशी पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) आयुष्यभर झुंजल्या.

घरातील मृत्यू

१८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मण पुढे आले. भाऊ तिसरा आणि रमाबाई चौथ्या. उंची कमी पडल्याने त्यांनी भार डोक्यावर घेतला. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

शोक की शिक्षा?

पतीच्या मृत्यूचा दोष विधवेच्या पूर्वजन्मीच्या पापाला दिला जाई. केशवपन, एकवेळ जेवण आणि मंगलकार्यात बंदी हा शोक मरेपर्यंत संपत नसे. रमाबाईंनी १८८७ च्या इंग्रजी पुस्तकातून ही स्थिती जगापुढे मांडली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई तिथेच शिकल्या.

बायबलमध्ये काय आहे?

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायबलमध्ये रडण्याला आणि देवाकडे तक्रार करण्यालाही जागा आहे. ईयोब देवाला जाब विचारतो. विलापगीत हा यरुशलेमच्या विनाशावरचा सार्वजनिक आक्रोश आहे. लाजरच्या कबरीपाशी येशू लोकांसमोर रडतो. मात्र मोशेसाठीचा शोकही ३० दिवसांनी संपतो. विधवांच्या बाबतीत याकोबाचे पत्र समाजावर जबाबदारी टाकते : संकटात त्यांची काळजी घेणे हाच खरा धर्म.

शेवटची परीक्षा

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुली आणि विधवा राहत. संस्थेचा कारभार मनोरमा पुढे सांभाळतील, अशी अपेक्षा होती. जुलै १९२१ मध्ये वयाच्या चाळिशीत त्यांचा मृत्यू झाला. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. आश्रमातील स्त्रियांनी छापलेला हा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हेरवाडचा ठराव त्यांच्या निधनानंतर १०० वर्षांनी झाला. दुःखात असलेल्या बाईच्या हातातील बांगड्या फोडायच्या, की तिच्या घरच्या चुलीची आणि मुलांच्या शाळेची चौकशी करायची, याचा निर्णय आजही गावाच्याच हातात आहे.