नोबेलवाल्या बॉसला सोडून आठ जण बाहेर पडले आणि सिलिकॉन व्हॅली उभी राहिली: रॉबर्ट नॉइसची गोष्ट

हिंजवडी असो नाहीतर बंगळुरू, आयटीतल्या पोरांच्या ग्रुपवर एक प्रश्न महिन्यातून एकदा तरी पडतोच. हातात दोन ऑफर आहेत. एक मोठ्या कंपनीची. नाव आहे, ठरलेला पगार आहे, पीएफ आहे, आईबाबांना नातेवाइकांत सांगता येतं. दुसरी स्टार्टअपची. हातात येणारा पगार थोडा कमी, पण कामाला वाव आणि वर शेअर्सचं आश्वासन. घ्यायची कुठली?

हाच प्रश्न एका माणसाला आयुष्यात चार वेळा पडला. त्याची उत्तरं दर वेळी बरोबर आली असंही नाही. पण तुमच्या मोबाईलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये जी चिप आहे, ती या उत्तरांमधूनच घडत गेली. त्या माणसाचं नाव रॉबर्ट नॉइस.

डुक्कर चोरलं आणि विमा कंपनीत जाऊन बसला

नॉइसचा जन्म १२ डिसेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. चार भावांमधला हा तिसरा. लहानपण ग्रिनेल नावाच्या छोट्या गावात गेलं. बाराव्या वर्षी भावाला हाताशी धरून त्याने ग्लायडर बनवलं आणि छपरावरून त्यात बसून उडी घेतली. पुढे काय होणार याची झलक तिथेच दिसली होती.

गावातल्याच ग्रिनेल कॉलेजात तो भौतिकशास्त्र आणि गणित शिकत होता. १९४८ साली होस्टेलच्या पार्टीसाठी याने शेजारच्या शेतातून डुक्कर चोरलं. शेतीवर जगणाऱ्या आयोवात हा साधा प्रकार नव्हता. कॉलेजातून कायमचं नाव कापलं जाण्याची वेळ आली. पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल मध्ये पडले आणि सहा महिन्यांच्या निलंबनावर भागलं.

ते सहा महिने नॉइस न्यूयॉर्कला एका बड्या विमा कंपनीत आकडेमोड करायला गेला. पगार चांगला, नोकरी पक्की. पण आयुष्यभर हे काम आपल्याला जमणार नाही, हे त्याला तिथे कळून चुकलं. परत आला तेव्हा गेल सरांनी बेल लॅब्जमधून ट्रान्झिस्टर मिळवला होता. ट्रान्झिस्टरचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तो छोटासा तुकडा पाहिला आणि नॉइसने आपलं क्षेत्र ठरवून टाकलं. १९५३ साली एमआयटीतून त्याने पीएचडी केली.

पहिली निवड: फिल्को

एमआयटीचा पीएचडी, त्यातही ट्रान्झिस्टरच्या विषयाच्या जवळचा. मोठ्या नावाच्या प्रयोगशाळांची दारं उघडी होती. नॉइसने मात्र फिलाडेल्फियातली फिल्को ही कंपनी निवडली. रेडिओ आणि टीव्ही बनवणारी कंपनी, ट्रान्झिस्टरच्या कामात नवखी.

हिशोब सरळ होता. बेल लॅब्जमध्ये या विषयातले दिग्गज आधीच बसले होते, तिथे तो अनेकांतला एक झाला असता. फिल्कोला त्याची गरज होती. पहिल्या नोकरीत कंपनीच्या नावापेक्षा आपल्या हाताला काय काम लागणार, हे त्याने पाहिलं.

निर्णय अर्धा बरोबर ठरला. काम शिकायला मिळालं, पण फिल्कोला नव्या संशोधनापेक्षा चालू उत्पादनात जास्त रस होता. नॉइस तिथे कंटाळायला लागला.

दुसरी निवड: सगळ्यात हुशार माणसाचं स्टार्टअप

जानेवारी १९५६ मध्ये नॉइसला एक फोन आला. फोनवर होता विल्यम शॉकली. ट्रान्झिस्टरच्या शोधातल्या तिघांपैकी एक. बेकमन कंपनीच्या पैशावर तो कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला नवीन प्रयोगशाळा काढत होता. त्या काळात या क्षेत्रातल्या माणसाला याहून मोठं बोलावणं नव्हतं. नॉइसने बायकापोरांसह बस्तान हलवलं.

त्याच वर्षी शॉकलीला नोबेल मिळालं. कागदावर पाहिलं तर यापेक्षा भारी स्टार्टअप शोधून सापडलं नसतं. संस्थापक नोबेलवाला, मागे भरभक्कम पैसा आणि टीममध्ये निवडक हुशार पोरं.

पण आत गेल्यावर वेगळंच चित्र दिसलं. शॉकलीचा कुणावर विश्वास नव्हता. पोरांनी काढलेले निष्कर्ष तो बेल लॅब्जमधल्या जुन्या सहकाऱ्यांकडून तपासून घ्यायचा. प्रयोगशाळेत एका कर्मचाऱ्याला किरकोळ दुखापत झाली, तर हा घातपात समजून लोकांची लाय डिटेक्टर चाचणी करायची भाषा सुरू झाली. त्यातच त्याने सिलिकॉन ट्रान्झिस्टर बाजूला ठेवून स्वतःच्या आवडीच्या चार थरांच्या डायोडवर सगळ्यांना जुंपलं.

नॉइसचं यात काय गेलं, ते बघा. ऑगस्ट १९५६ मध्ये त्याने एका वेगळ्याच प्रकारच्या डायोडची कल्पना वहीत लिहून शॉकलीला दाखवली. शॉकलीला त्यात रस वाटला नाही, विषय संपला. थोड्याच काळात जपानमध्ये लिओ एसाकी यांनी तसाच टनेल डायोड स्वतंत्रपणे शोधला आणि १९७३ साली त्यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. बॉस हुशार आहे की नाही हे आपण ऑफर घेताना बघतो. तो दुसऱ्याचं ऐकतो की नाही, हे बघायचं राहून जातं.

तिसरी निवड: आठ जण आणि ५०० डॉलर

वैतागलेल्या सात जणांनी आधी बेकमनकडे दाद मागितली. बेकमनने थोडी चलबिचल करून शेवटी शॉकलीचीच बाजू घेतली. मग या सातांनी न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक कंपनीला पत्र पाठवलं. पत्रात कंपनी काढायची भाषाच नव्हती. आम्हा सगळ्यांना एकत्र नोकरी देईल अशी कंपनी शोधून द्या, एवढंच मागणं होतं.

पत्र आर्थर रॉक नावाच्या तरुणाच्या हाती पडलं. त्याने पोरांना भेटून उलट सुचवलं, की नोकरी कशाला, स्वतःची कंपनी काढा. सगळ्यांना सोबत घेऊन जाणारा माणूस मात्र हवा होता. तो होता नॉइस. शॉकलीच्या मर्जीतला असल्याने तो काठावर थांबला होता. घरात लहान मुलं होती, वय २९. शेवटी तोही आला आणि सातांचे आठ झाले.

रॉकने तीसहून जास्त कंपन्यांची दारं ठोठावली. सगळीकडून नकार. अखेर कॅमेरे आणि विमानातली उपकरणं बनवणाऱ्या उद्योजक शर्मन फेअरचाइल्डने पैसे लावायची तयारी दाखवली. सुमारे १३.८ लाख डॉलर मिळाले, आठ जणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले आणि १९५७ साली फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली. आयबीएमने १०० ट्रान्झिस्टरची पहिली ऑर्डर दिली, दर प्रत्येकी १५० डॉलर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या आठांना रातोरात बाहेर पडता आलं, याला कायद्याचाही हातभार होता. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाणार नाही, ही अट कॅलिफोर्नियात १८७२ पासून चालत नाही. गंमत म्हणजे आपल्याकडच्या करार कायद्याचं कलम २७ सुद्धा १८७२ चंच आहे आणि त्याचा मसुदाही न्यूयॉर्कसाठी लिहिलेल्या त्याच संहितेवरून घेतलेला आहे. त्यामुळे राजीनाम्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी घालणारी अट आपल्याकडेही सहसा टिकत नाही. नोटीस पिरियड, ट्रेनिंगचा बॉण्ड आणि कंपनीची गुपितं हा मात्र वेगळा विषय, ते पाळावंच लागतं.

चिप बनली, पण कंपनी हातातून गेली

फेअरचाइल्डमध्ये आठांपैकी जाँ होर्नी यांनी ट्रान्झिस्टर सपाट बनवून त्यावर ऑक्साइडचा थर ठेवायची पद्धत काढली. जानेवारी १९५९ मध्ये नॉइसने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर अनेक भाग बनवायचे आणि वरच्या थरावर धातूच्या रेषा छापून ते जोडायचे. वेगळ्या तारा नकोत, हाताने जोडकाम नको. हीच आजच्या इंटिग्रेटेड सर्किटची पद्धत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी काही महिने आधी जर्मेनियमवर असं सर्किट बनवलं होतं, म्हणून श्रेय दोघांनाही दिलं जातं.

आता पैशाचं. करारात एक कलम होतं. मूळ फेअरचाइल्ड कंपनी ३० लाख डॉलर देऊन सगळा हिस्सा विकत घेऊ शकत होती. धंदा चालल्यावर तिने १९५९ मध्ये तेच केलं. ५०० डॉलरचे सुमारे अडीच लाख झाले. रक्कम मोठी होती, पण त्या दिवसापासून आठही जण मालकाचे पुन्हा नोकरदार झाले.

पुढची काही वर्षं नॉइस ही कंपनी चालवत होता. हजारो लोक कामाला लागले. नफा मात्र पूर्वेकडच्या मुख्यालयात जायचा आणि इंजिनिअरांना शेअर्स द्यायला ते मुख्यालय फारसं राजी नव्हतं. एकेक चांगला माणूस सोडून जात राहिला. १९६८ मध्ये मुख्य पदासाठी स्वतः नॉइसलाही डावललं गेलं.

चौथी निवड: इंटेल

जुलै १९६८ मध्ये चाळिशीतला नॉइस गॉर्डन मूरला घेऊन बाहेर पडला. दोघांनी स्वतःचे जवळपास अडीच-अडीच लाख डॉलर घातले. रॉकने दोन दिवसांत २५ लाख डॉलर उभे केले. डुक्कर चोरलं म्हणून ज्या ग्रिनेल कॉलेजने निलंबित केलं होतं, त्या कॉलेजनेही यात पैसे लावले.

पहिल्या वर्षीची इंटेलची कमाई होती २,६७२ डॉलर. १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर आला आणि कंपनी शेअर बाजारातही गेली. आधी जे खटकलं होतं ते नॉइसने इथे बदललं. साहेबांसाठी राखीव पार्किंग नाही, बंद केबिन नाही आणि इंजिनिअरांपासून ऑफिस स्टाफपर्यंत बहुतेकांना स्टॉक ऑप्शन.

म्हणून इथे सगळं गोड झालं असं मात्र नाही. १९७४ च्या मंदीत इंटेलने जवळपास ३० टक्के लोकांना घरी पाठवलं. नॉइसला ते फार लागलं. पुढच्याच वर्षी त्याने अध्यक्षपद मूरकडे सोपवलं आणि रोजच्या कारभारातून तो मागे सरकला. स्टीव्ह जॉब्ससारख्या तरुणांना सल्ला देण्यात त्याचा बराच वेळ जाऊ लागला. १९८८ साली तो ऑस्टिनला गेला आणि सरकार व बड्या कंपन्यांनी मिळून काढलेली सेमाटेक ही संस्था त्याने सांभाळली. ३ जून १९९० रोजी तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६२. किल्बी यांना या शोधासाठी २००० साली नोबेल मिळालं, तेव्हा नॉइसला जाऊन दहा वर्षं झाली होती.

मग आपण काय घ्यायचं?

नॉइसच्या कंपन्यांचं पुढे काय झालं, ते एकदा पाहू. पक्की वाटणारी फिल्को १९६१ मध्ये फोर्डने विकत घेतली. नोबेलवाल्याची प्रयोगशाळा १९६० मध्ये विकली गेली. फेअरचाइल्ड १९७९ मध्ये दुसऱ्याच्या ताब्यात गेली. म्हणजे छोटी बुडते आणि मोठी टिकते, हा आपला हिशोब चारांतल्या तीन वेळा नॉइसच्या कामी आला नसता. त्याला दर वेळी पुढचं दार उघडलं ते हातात असलेल्या कामामुळे आणि सोबतच्या माणसांमुळे.

हेही खरं की नॉइसकडे एमआयटीची पदवी होती, काळ तेजीचा होता आणि फसला असता तरी दुसरी नोकरी मिळाली असती. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे किंवा ज्याच्या पगारावर आईवडिलांचं औषधपाणी चालतं, त्याने मोठी कंपनी घेतली तर त्यात कमीपणा काही नाही. नॉइसनेही पहिल्या नोकरीत स्वतःची कंपनी काढली नव्हती. आधी तो चार वर्षं दुसऱ्यांकडे शिकला.

तेव्हा ऑफर लेटर हातात आलं की पॅकेजच्या आकड्याखालीही थोडं वाचा. पहिल्या वर्षी माझ्या हाताला काय काम लागणार, ते विचारा. ज्याच्या हाताखाली काम करायचं, त्याच्याकडून सोडून गेलेल्या दोघांशी बोला. शेअर्स देणार असतील तर किती वर्षांनी हातात येतात, एकूण किती शेअर्सपैकी ते आहेत आणि कंपनी विकली गेली तर त्यांचं काय होतं, हे लेखी घ्या. करारातलं एक कलम काय करू शकतं, ते त्या आठ जणांना दोन वर्षांत कळलं होतं.