मूळ गाणे मोठे की नव्याने गायलेले? अण्णाभाऊंच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

१८ जुलै हा लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा स्मृतिदिन आणि १ ऑगस्ट ही त्यांची जयंती. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत महाराष्ट्रातल्या वस्त्यांमध्ये, नगरांमध्ये आणि बुद्धविहारांच्या आवारात त्यांची गाणी हमखास ऐकू येतात. कुठे डफ-तुणतुण्यावर, कुठे बँजोवर, कुठे गिटारवर, तर कुठे डीजेच्या भिंतीवरून. ती ऐकताना एक वाद दरवर्षी निघतो. जुनी माणसे म्हणतात, मूळ गाण्याची सर नव्याला नाही. तरुण म्हणतात, नव्या चालीमुळेच गाणे आमच्यापर्यंत पोहोचले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मूळ म्हणजे नेमके काय आणि वरचढ ठरणे म्हणजे काय, हे ठरवायचे असेल तर अण्णाभाऊंच्या आयुष्याकडेच जावे लागते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. आईचे नाव वालुबाई. ज्या मांग समाजात ते जन्मले, त्याच्यावर इंग्रज सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. गावात काही घडले की आधी या वस्तीतल्या माणसांना धरले जाई. अण्णाभाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची. जातीमुळे झालेला अपमान आणि मास्तरांचा मार यामुळे ती तिथेच संपली. पण शाळेने नाकारलेल्या या मुलाचे कान मात्र उघडे होते. पोवाडे, लावण्या, तमाशातली बतावणी, बायांच्या ओव्या जे कानावर पडेल ते त्यांना पाठ होत असे. नातेवाईक बापू साठे यांच्या तमाशात ते पुढे उभेही राहिले. म्हणजे अण्णाभाऊंची पहिली शिकवणी झाली ती दुसऱ्यांची गाणी पुन्हा गाण्यातून.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला साठे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला आले. भायखळा, माटुंग्याचा लेबर कॅम्प, गिरणीतली नोकरी, संप, बेकारी, हमाली, पडेल ते काम असे दिवस सुरू झाले. दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके पाहत पाहत त्यांनी अक्षरे जुळवली. लेबर कॅम्पमध्ये त्यांचा कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला आणि लेखणीला दिशा मिळाली. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा गाजला. युद्ध हजारो मैल दूर होते, पण चाल आणि भाषा इथली होती, म्हणून गिरणी कामगाराला ती लढाई आपली वाटली.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर दत्ता गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. आपल्या प्रश्नासाठी हा काळ फार महत्त्वाचा आहे. अण्णाभाऊंनी या कलापथकात तमाशाच घेतला, पण आतून बदलून घेतला. पारंपरिक तमाशा गणपतीच्या गणाने सुरू होतो, मग कृष्ण-गौळणींची गौळण येते. अण्णाभाऊंनी गणात देवाऐवजी मायभूमीला आणि तिच्यासाठी प्राण देणाऱ्यांना वंदन केले, गौळण वगळली आणि वगात राजाराणीच्या जागी सावकार, जमीनदार, भ्रष्ट पुढारी आणि कामगार उभे केले. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा, सवाल-जवाब, ढोलकी हे सगळे त्यांनी ठेवले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्ये अशी जन्मली. मुंबई राज्याच्या सरकारला त्यांची इतकी धास्ती वाटली की कार्यक्रमांवर बंदी आली.

ही वाट त्यांच्या आधीही चालली गेली होती. महात्मा फुल्यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या सत्यशोधक जलशांनी हेच केले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनीही तमाशाचा साचा घेऊन त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. जुनी चाल आणि नवा आशय हे आपल्या चळवळीचे हत्यारच राहिले आहे. तेव्हा जे आज आपण मूळ म्हणून जपतो, ते त्याच्या काळात नव्याने गायलेलेच होते. लाल बावट्याचा तमाशा पारंपरिक तमाशाहून सरस ठरला तो वाद्ये वाढली म्हणून नव्हे. ज्यांच्या अंगमेहनतीवर आणि कलेवर तो फड उभा होता, त्यांचे दुःख त्यात प्रथमच मालकाच्या जागी बसले, म्हणून तो सरस ठरला.

दुसरी गोष्ट आवाजाची. अण्णाभाऊ स्वतः उत्तम सादर करणारे होते. पण त्यांचे शब्द लाखोंच्या सभेवर पसरले ते अमर शेख यांच्या पहाडी आवाजातून. बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच अमर शेख. मांग वस्तीतल्या कवीचे शब्द एका मुसलमान गिरणी कामगाराच्या गळ्यातून गेले आणि ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे झाले. तिथे कवी कोण आणि गायक कोण, कोणाचे मूळ आणि कोणाचे दुय्यम, असा हिशेब कोणी मांडला नाही. शाहिराचे गाणे दुसऱ्याच्या तोंडी जाण्यासाठीच लिहिलेले असते. ते एकाच गळ्यात अडकून राहिले तर शाहिरी हरली असे समजावे. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले आणि अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला अमर शेखही अपघातात गेले. त्यानंतर ही गाणी टिकली ती केवळ इतरांनी पुन्हा पुन्हा गायली म्हणून.

मग नव्याने गायलेले प्रत्येक गाणे चांगलेच का? नाही. इथे ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचे उदाहरण घ्यावे लागेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंनी ती लिहिली. सुरुवातीला गरिबीमुळे बायकोला गावी सोडून मुंबईला आलेला माणूस बोलतो. तिचे रूप, निघतानाची तिची समजूत, मुंबईतली बेकारांची गर्दी, डोक्यावर छत्री नसलेला पावसाळा, हे सगळे त्यात येते. मग गाणे वळण घेते. जशी त्या माणसाची मैना दुरावली, तसा बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हा मराठी मुलूख दुरावला, असे शाहीर सांगू लागतो. ध्रुवपद तेच राहते, पण त्यातली तगमग आता एका घराची नसते, सगळ्या राज्याची होते. शेवटी मागे न हटता उरलेली लढाई पुरी करण्याची हाक आहे.

आज ही छक्कड अनेक मंचांवर ऐकू येते. गळे गोड आहेत, साथसंगत तयारीची आहे, ध्वनिमुद्रण पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. पण पुष्कळदा ती वळणाच्या आधीच थांबवली जाते. मैनेचे रूप उरते, मुलूख गळून जातो. कधीकधी तर बेकारीही गळते आणि उरते ती फक्त विरहाची लावणी. ऐकायला ती सुंदरच वाटते. परंतु अण्णाभाऊंनी विरहाचे गाणे लिहिले नव्हते. विरह हा उंबरठा होता, त्यावरून त्यांना श्रोत्याला लढ्यात न्यायचे होते. जे नवे गायन उंबरठ्यावरच थांबते, ते कितीही सुरेल असले तरी मुळाच्या पुढे गेलेले नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, बेळगाव आणि कारवार बाहेर राहिले, डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. गाण्याचा जो भाग आपण कापतो, तोच अजून अपुरा आहे.

‘जग बदल घालूनी घाव’ हे गाणे तर आपल्या घराघरातले. त्यात कवी बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला निरोप सांगतो. गुलामीच्या चिखलात रुतलेल्या बलाढ्य हत्तीने अंग झाडून बाहेर यावे, ही त्यातली प्रतिमा कोण विसरेल? पण गाणे तेवढेच नाही. धनवंतांनी केलेली पिळवणूक आणि धर्मांधांनी केलेला छळ त्यात एका दमात येतात आणि शेवट एकजुटीच्या रथावर चढण्याच्या आवाहनाने होतो. जात आणि भांडवल या दोन्हींवर एकाच वेळी घाव घालायचा, हा त्या गाण्याचा कणा आहे. मिरवणुकीत मात्र अनेकदा ध्रुवपदच फिरत राहते. दणका वाढतो, पाय थिरकतात, पण घाव कशावर घालायचा हे नाचणाऱ्या पोराला कळत नाही. याउलट गावोगावी दोन-चार कार्यकर्ते एक डफ घेऊन हे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात, मधेच थांबून आजचे कंत्राटी सफाई कामगार, आजचे वसतिगृह, आजची शिष्यवृत्ती यांच्याशी ते जोडून दाखवतात. त्यांचा आवाज बेताचा असेल, पण ते गायन मुळाशी बरोबरी करते आणि कधी त्याच्या पुढेही जाते. कारण १९६९ मध्ये गेलेल्या शाहिराला जे पाहता आले नाही, ते त्यांनी त्याच्याच शब्दांत दाखवलेले असते.

हा निकष आपल्याला परका नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली धम्मसंगीती भरली. आनंदाने सुत्ते सांगितली, उपालीने विनय सांगितला आणि भिक्खुसंघाने ते एकत्र म्हटले. संगीती या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणे असा आहे. पुढे श्रीलंकेत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात बुद्धवचन लिहून निघेपर्यंत ते पिढ्यान्‌पिढ्या मुखानेच चालत आले. आपल्यापर्यंत आलेला धम्म हा पुन्हा पुन्हा म्हटला गेल्यामुळेच आला. बुद्धांनी आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मोकळीकही दिली. मात्र त्याच बुद्धांनी भिक्खूंना, धम्म ताना घेत लांबवून गाण्यातले पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या सुरात गुंततो, ऐकणारे सुरात गुंततात, गृहस्थ नावे ठेवतात, सूर साधण्याच्या नादात समाधी भंगते आणि पुढची पिढी तेच उचलते. शाहीर म्हणजे भिक्खू नव्हे आणि शाहिरीला सूर हवाच. तरी इशारा लागू आहे. भाषा बदला, गळा बदला, पण सुराने अर्थ गिळू देऊ नका.

अण्णाभाऊंनी धम्मदीक्षा घेतली नव्हती, ते अखेरपर्यंत कामगार चळवळीचे लेखक राहिले. तरी बाबासाहेबांशी त्यांचे नाते काय होते हे त्यांच्या कृतींतून दिसते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दादरला भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे ही पुराणकथा उलटवून ती दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, हे त्यांनी तिथे मांडले. १९५९ मध्ये आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, लोकनाट्ये, पोवाडे एवढे लिहून हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहिला आणि गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, हलाखीतच, एकोणपन्नासाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गेला.

या हलाखीचाही आपल्या वादाशी संबंध आहे. शाहिराचे गाणे सर्वांचे असते हे खरे, पण सर्वांचे झाले की कवीचे नाव पुसायला मोकळीक मिळते असे नाही. जे गाणे आपण गातो ते कोणी लिहिले हे मंचावरून सांगायला एक वाक्य लागते. चित्रफीत टाकताना कवीचे नाव लिहायला एक ओळ लागते. ते न करता गाण्याला पारंपरिक किंवा लोकगीत म्हणून मोकळे होणे म्हणजे ज्या माणसाला शाळेने, गावाने आणि बाजाराने नाकारले, त्याला आपणही नाकारणे होय. वामनदादा कर्डकांपासून वस्तीतल्या अनाम गायनपार्ट्यांपर्यंत आपल्या अनेक कवींच्या वाट्याला हे आले आहे.

तेव्हा यंदा जयंती मंडळांनी आणि गायक मित्रांनी तीन गोष्टी कराव्यात. गाणे पुरे गावे. कवीचे नाव घ्यावे. आणि गाण्यात जो प्रश्न आहे तो आपल्या वस्तीत आज कुठे उभा आहे, हे दोन वाक्यांत सांगावे. चाल कोणतीही घ्या, रॅप करा, गिटार घ्या, हलगी घ्या. या तीन अटी पाळून गायलेले गाणे मुळाहून सरस निघाले तर त्यात मूळ कवीचा कमीपणा नाही. अण्णाभाऊंनी तमाशाला जे केले, तेच आपण त्यांच्या गाण्याला केले असे होईल आणि शाहिराला याहून मोठे अभिवादन कोणते?

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या स्मृतींना विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!