अणुकेंद्रकाची कड मोजणारे हॉफस्टॅटर

थायरॉइडच्या स्कॅनमध्ये रुग्णाच्या गळ्यातून येणारे गॅमा किरण टिपणारा स्फटिक आणि अणुकेंद्रकाच्या कडेचे मोजमाप, या दोन्हींमागे एकच नाव आहे: रॉबर्ट हॉफस्टॅटर.

त्यांचा जन्म १९१५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये झाला. १९३८ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळाली. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात थॅलियमचा अंश घातला, की गॅमा किरण पडताच तो लख्ख चमकतो, हे त्यांनी १९४८ मध्ये तिथेच दाखवले. १९५० मध्ये ते स्टॅनफर्डला गेले.

केंद्रक म्हणजे टणक गोळी, हे चित्र गणिताला सोयीचे होते. हॉफस्टॅटर यांनी त्वरकातले वेगवान इलेक्ट्रॉन धातूच्या पातळ पत्र्यांवर सोडले आणि कोणत्या कोनात किती विखुरतात ते मोजले. इलेक्ट्रॉनला विद्युतभार जाणवतो, म्हणून प्रोटॉन कुठे किती दाटीने आहेत ते कळते. मध्यभागी घनता जवळपास सारखी निघाली; कड मात्र धुक्यासारखी विरत जाणारी. घनता ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते त्या थराची जाडी सुमारे २.४ फर्मी भरली. (मिलिमीटरच्या लाख कोटीव्या भागाला फर्मी हे नावही त्यांनीच दिले.) केंद्रक हलके असो वा जड, ही जाडी फारशी बदलेना. प्रोटॉनलाही आकार असल्याचे याच पद्धतीने दिसले. १९६१ चे नोबेल त्यांना मॉसबाउअर यांच्यासह मिळाले.

खरी गंमत पुढे, कॅल्शियमच्या समस्थानिकांत होती. चुन्यात, हाडांत बहुतांश असते ते कॅल्शियम-४०. कॅल्शियम-४८ अगदी विरळा. दोन्हींत प्रोटॉन २०च, न्यूट्रॉन मात्र २० आणि २८. साध्या हिशेबाने दुसऱ्याची त्रिज्या सहा टक्क्यांनी वाढायला हवी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉफस्टॅटर आणि सहकाऱ्यांनी मोजले, तर प्रोटॉनांचा पसारा जवळपास तेवढाच, आणि कडेचा थर उलट पातळ! न्यूट्रॉनला भार नाही, तरी जादा आठ न्यूट्रॉनांनी प्रोटॉनांची बाहेरची विरळ झालर आत ओढून घेतली होती. समस्थानिक केवळ वजनाने वेगळे नसतात, त्यांचा पृष्ठभागही वेगळा असतो, हे त्यातून दिसले.

उतारवयात ते पुन्हा वैद्यकाकडे वळले. हातातल्या शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य टोचून, सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी हृदयाच्या रोहिण्यांची चित्रे घेण्याच्या स्टॅनफर्डमधील प्रयत्नांत त्यांचा सहभाग होता. १७ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.