जोतीराव फुले आणि ‘शेतकऱ्याचा असूड’

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ मध्ये झाला. १८४८ मधील मुलींची शाळा व १८७३ मधील सत्यशोधक समाज हे त्यांच्या चरित्राचे टप्पे सर्वपरिचित आहेत. ‘असूडा’ची पार्श्वभूमी मात्र पुण्याबाहेरच्या कोरडवाहू मुलखात आहे. तळेगाव ढमढेरे ज्या शिरूर तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील करडे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार घातला. मे १८७५ मध्ये सुप्याला दंगल पेटली. सरकारने १८७९ मध्ये केलेल्या कायद्याचा भर कर्जावर होता. जोतीरावांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या या ग्रंथात शेतसारा, जंगलखाते, कचेरीतील लाच आणि धर्मविधी या साऱ्यांची एकत्र झडती घेतली. ‘दीनबंधू’ने सुरुवातीची प्रकरणे छापून पुढची थांबवली. संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचेच सहकारी. कात्री सरकारची नव्हती, घरचीच होती.

ग्रंथावरील आक्षेप बहुधा ब्राह्मणांविषयीच्या कठोर भाषेवर व आर्यांच्या स्वारीच्या मांडणीवर असतात. ही मांडणी आज जशीच्या तशी इतिहास म्हणून टिकत नाही; भाषा सौम्य करून वाचणेही अप्रामाणिकच. परंतु कुणब्याच्या घराचे वस्तुवार वर्णन आणि ताली-बंधाऱ्यांच्या सूचना अखेरच्या प्रकरणांत येतात, आणि वाद घालणारे बहुधा तेथवर पोहोचतच नाहीत.

१८८८ मध्ये पक्षाघात झाल्यावर जोतीराव डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, तेव्हा ‘असूडा’ची उरलेली प्रकरणे हस्तलिखितातच होती.