धान्याच्या दराचे गणित मांडणारे रिकार्डो

धान्याचे भाव वाढले की फायदा नेमका कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने विचारला जातो. त्याचे शिस्तबद्ध उत्तर शोधणाऱ्या आद्य अर्थतज्ज्ञांमध्ये डेव्हिड रिकार्डो यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. महाग धान्याचा खरा लाभ जमिनीच्या मालकालाच होतो, हे त्यांनी ठामपणे मांडले. विशेष म्हणजे ते स्वतः मोठे जमीनदार होते.

रिकार्डो यांचा जन्म १८ एप्रिल १७७२ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे ज्यू घराणे मूळचे पोर्तुगालचे. वडील हॉलंडमधून लंडनला येऊन शेअर बाजारात दलाली करीत. वयाच्या चौदाव्या वर्षी रिकार्डो वडिलांच्या पेढीवर रुजू झाले. विद्यापीठीय शिक्षण त्यांना मिळाले नाही. १७९३ मध्ये त्यांनी क्वेकर पंथातील प्रिसिला विल्किन्सन यांच्याशी विवाह केला आणि घराचे दरवाजे बंद झाले. तरुण रिकार्डो यांनी स्वबळावर व्यवसाय उभारला. फ्रान्सबरोबरच्या युद्धाच्या काळात सरकारी कर्जरोख्यांच्या व्यवहारातून त्यांनी अमाप संपत्ती मिळवली.

१७९९ मध्ये बाथ येथील मुक्कामात अॅडम स्मिथ यांचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला आणि अर्थशास्त्राची गोडी लागली. पुढे चलनाच्या प्रश्नावरील लेखांमुळे त्यांचे नाव झाले. १८११ पासून लोकसंख्येच्या सिद्धांतासाठी प्रसिद्ध असलेल्या थॉमस माल्थस यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. दोघांचे बहुतेक प्रश्नांवर मतभेद होते, मात्र मैत्रीत कधी अंतर पडले नाही.

युद्धकाळात इंग्लंडमध्ये बाहेरून येणारे धान्य घटले आणि गव्हाचे भाव भडकले. १८१२ मध्ये एका क्वार्टरला, म्हणजे दोनशे किलोंहून थोड्या अधिक गव्हाला, सरासरी १२६ शिलिंग मोजावे लागत होते. युद्ध संपत आल्यावर भाव उतरू लागले, तेव्हा जमीनदार वर्ग अस्वस्थ झाला. त्या काळी संसदेवर याच वर्गाचे वर्चस्व होते. देशातील गव्हाचा भाव ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, असा कायदा मार्च १८१५ मध्ये संमत झाला. पाव महागणार या भीतीने लंडनची जनता रस्त्यावर उतरली.

या वादात माल्थस यांनी आयातीवरील निर्बंधांची बाजू घेतली. रिकार्डो यांनी मात्र कायदा होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८१५ मध्ये पुस्तिका लिहून त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते, की लोकसंख्या वाढली आणि बाहेरचे धान्य अडवले की हलक्या प्रतीची जमीनही लागवडीखाली आणावी लागते. तिथे उत्पादनखर्च जास्त असतो आणि तोच बाजारभाव ठरवतो. सुपीक जमिनीत खर्च कमी, पण भाव तोच. त्यामुळे उरणारा फरक खंडाच्या रूपाने मालकाकडे जातो. कसणाऱ्या कुळाला वाढीव भावाचा लाभ करार संपेपर्यंतच मिळतो. करार संपला की मालक खंड वाढवतो. मजुराची मजुरी वाढली तरी ती पावावरच खर्च होते. मजुरी वाढल्यामुळे कारखानदाराचा नफा घटतो आणि नवीन भांडवल उभे राहत नाही. १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला.

हे लिहिणाऱ्या रिकार्डो यांनी १८१४ मध्येच ग्लॉस्टरशायरमधील गॅटकम पार्क ही जहागीर विकत घेतली होती. त्यांच्या सूचना मान्य झाल्या असत्या, तर त्यांच्याच जमिनीचा खंड उतरला असता. १८१९ मध्ये आयर्लंडमधील पोर्टार्लिंग्टन मतदारसंघातून ते संसदेत गेले. मूठभर मतदारांची ही जागा त्यांनी पैसे मोजून मिळवली होती. तरीही संसदेत ते निवडणूक सुधारणा आणि गुप्त मतदानाचा पुरस्कार करीत राहिले. १८२२ मध्ये आयातबंदीऐवजी क्वार्टरमागे २० शिलिंग जकात लावावी आणि दरवर्षी एक शिलिंग कमी करीत ती १० वर आणावी, अशी योजना त्यांनी सुचवली. शेतकऱ्याला सावरायला अवधी मिळावा, हा तिचा हेतू होता. संसदेने ती फेटाळली.

कानाच्या संसर्गाने ११ सप्टेंबर १८२३ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, गॅटकम पार्क येथे त्यांचे निधन झाले. धान्य कायदे रद्द होण्यास १८४६ साल उजाडावे लागले.

त्यांच्या सिद्धांताचा प्रवास मात्र इंग्लंडपुरता राहिला नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे सनदी अधिकारी हेलीबरी येथील महाविद्यालयात माल्थस यांच्याकडे अर्थशास्त्र शिकत. त्यांच्यापैकी आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी केली. खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवण्यात आला. इथे जमीनदाराच्या जागी सरकारच होते. सारा रोखीत भरायचा आणि त्याच सुमारास दख्खनमध्ये धान्याचे भाव घसरलेले. उत्पन्नाचे अंदाजही चुकीचे निघाले. अनेक रयतांनी जमिनी सोडून दिल्या. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून कमी दराची नवी आकारणी सुरू केली.

लंडनच्या मजुराला महाग धान्याने पोळले, तर इंदापूरच्या रयतेला स्वस्त धान्याने. दोन्हीकडे जमिनीवर हक्क सांगणाऱ्याचा वाटा मात्र आधी काढला गेला. भाववाढीची चर्चा करताना केवळ बाजारातील दर पाहून भागत नाही. त्या दरातील किती पैसे कसणाऱ्याच्या हाती उरतात, हेही तपासावे लागते. रिकार्डो यांनी दोनशे वर्षांपूर्वी मांडलेले गणित त्यासाठी आजही उपयोगी पडते.