एडवर्ड एमर्सन बर्नार्ड

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड (१६ डिसेंबर १८५७ – ६ फेब्रुवारी १९२३) हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व खगोलीय छायाचित्रणाच्या अग्रणींपैकी एक होते. शालेय शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या बर्नार्ड यांनी हौशी निरीक्षक म्हणून धूमकेतूंचा शोध घेण्यास सुरुवात केली आणि पुढे धूमकेतूंच्या छायाचित्रणाला शास्त्रीय अभ्यासाचे साधन बनवले. छायाचित्रावरून शोधला गेलेला पहिला धूमकेतू म्हणून त्यांनी १८९२ मध्ये शोधलेला धूमकेतू ओळखला जातो.

बालपण

बर्नार्ड यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. जन्मापूर्वीच वडिलांचे निधन झाल्याने त्यांचे बालपण अत्यंत गरिबीत गेले. शाळेत ते केवळ दोन महिने गेले; बाकीचे शिक्षण आईने घरीच दिले. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास ते एका छायाचित्रकाराकडे नोकरीला लागले. छायाचित्रे मोठी करण्यासाठी सूर्यप्रकाश लागत असे, म्हणून छपरावर 'जुपिटर' नावाचा एक अवजड कॅमेरा बसवलेला होता. सूर्य सरकेल तसा हा कॅमेरा हाताने फिरवत त्याच्या रोखाने ठेवणे, हे या मुलाचे काम. हे कंटाळवाणे काम त्यांनी चिकाटीने केले. आकाशस्थ वस्तूचा संथपणे पाठलाग करण्याची सवय त्यांना येथेच जडली.

हौशी निरीक्षक

१८७६ मध्ये त्यांनी ५ इंच व्यासाची दुर्बीण ३८० डॉलरला विकत घेतली. ही रक्कम त्यांच्या वर्षाच्या कमाईच्या सुमारे दोन-तृतीयांश होती. पुढच्या वर्षी नॅशव्हिल येथे भरलेल्या विज्ञान परिषदेत त्यांची ख्यातनाम खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांच्याशी भेट झाली. गणित शिकल्याखेरीज खगोलशास्त्रात गती नाही, असे न्यूकम यांनी त्यांना सांगितले. हे ऐकून बर्नार्ड खिन्न झाले. तथापि नोकरी सांभाळून त्यांनी गणिताचा अभ्यास सुरू केला.

१८८१ मध्ये त्यांचा विवाह ऱ्होडा कॅल्व्हर्ट यांच्याशी झाला. त्याच वर्षी त्यांना पहिला धूमकेतू दिसला. परंतु त्यांनी तो जाहीर न केल्याने त्याचे श्रेय मिळाले नाही. सप्टेंबरमध्ये शोधलेल्या दुसऱ्या धूमकेतूची मात्र रीतसर नोंद झाली. त्या काळी एच. एच. वॉर्नर हे धनिक नवा धूमकेतू शोधणाऱ्या अमेरिकन निरीक्षकास २०० डॉलरचे पारितोषिक देत असत. या रकमेच्या भरवशावर बर्नार्ड दांपत्याने कर्ज काढून घर बांधले आणि नवनव्या धूमकेतूंच्या पारितोषिकांतून ते कर्ज फेडत आणले. त्यामुळे ते घर 'धूमकेतूंचे घर' म्हणून प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन त्यांना तेथील वेधशाळेत काम दिले, आणि छायाचित्रकाराकडील त्यांची नोकरी संपली.

धूमकेतूंचे छायाचित्रण

१८८८ मध्ये बर्नार्ड कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रुजू झाले. तेथे ३६ इंची दुर्बिणीतून ९ सप्टेंबर १८९२ रोजी त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह (अमाल्थिया) शोधला. मात्र छायाचित्रणासाठी त्यांनी पूर्वी व्यक्तिचित्रे काढण्यासाठी वापरले गेलेले ६ इंच व्यासाचे भिंग निवडले. मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा लहानसा तुकडाच दिसतो, तर या भिंगातून धूमकेतूचे लांबलचक पुच्छ एकाच काचेवर उमटत असे.

अंधुक पुच्छ उमटण्यासाठी काच तासन्‌तास उघडी ठेवावी लागे. धूमकेतू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकत असतो. म्हणून जोडदुर्बिणीतून त्याच्या शीर्षावर नजर खिळवून कॅमेरा सतत हलवत ठेवावा लागे. अशा छायाचित्रांत धूमकेतू रेखीव येतो आणि तारे रेघांसारखे दिसतात. १२ ऑक्टोबर १८९२ रोजी गरुड तारकासमूहाच्या भागाचे छायाचित्र घेतले असता त्यावर एका अज्ञात धूमकेतूची अंधुक खूण त्यांना आढळली.

१८९३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुक्स धूमकेतूची छायाचित्रे घेताना त्याचे पुच्छ वाकलेले व तुटलेले आढळले. धूमकेतूचे पुच्छ एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत रूप पालटू शकते, हे या छायाचित्रांनी दाखवून दिले. डोळ्यांनी काढलेल्या रेखाटनांवरून याची खात्री पटणे अवघड होते. पुच्छ अवकाशातील एखाद्या अडथळ्यास धडकले असावे, असा बर्नार्ड यांचा तर्क होता. सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताची, म्हणजे सौरवाताची, कल्पना १९५१ मध्ये लुडविग बिअरमान यांनी धूमकेतूंच्या पुच्छांवरूनच मांडली आणि अशा बदलांचा उलगडा होऊ लागला.

उत्तरायुष्य

१८९५ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८९७ मध्ये त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९०८ चा मोरहाउस धूमकेतू व १९१० चा हॅलेचा धूमकेतू यांची छायाचित्रे त्यांनी तेथे घेतली. १९१६ मध्ये त्यांनी भुजंगधारी तारकासमूहातील एका ताऱ्याची असाधारण निजगती शोधली. तो आज 'बर्नार्डचा तारा' म्हणून ओळखला जातो. आकाशगंगेच्या छायाचित्रांचा त्यांचा संग्रह अपुरा राहिला होता. एडविन फ्रॉस्ट व मेरी कॅल्व्हर्ट यांनी तो पूर्ण करून १९२७ मध्ये प्रसिद्ध केला.

चंद्रावरील व मंगळावरील एकेका विवरास बर्नार्ड यांचे नाव देण्यात आले आहे. १८९२ मध्ये त्यांच्या काचेवर उमटलेला धूमकेतू त्यानंतर हरवला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये, ११६ वर्षांनी, आंद्रेआ बोआत्तिनी यांना तो पुन्हा सापडला. आता तो २०६पी/बर्नार्ड–बोआत्तिनी या नावाने नोंदलेला आहे.